भावानं पाठवलेल्या शेंगा

आश्रमशाळा क्वार्टर, तालुका भामरागड
८ जुलै २०२४

बाईस सप्रेम जयभीम.

फोन लावून लावून थकलो. हेमलकशाच्या पुढं पाऊस लागला का टॉवर मरते, अन् मंग दिवाळीपर्यंत काही जित्ता होत नाई, हे तुले माहीतच आहे. म्हणून शाळेतल्या फुलस्केपवर लिहून राह्यलो. मास्तर असून इतक्या वर्षांनी पत्र लिहिलं म्हणून हसशील. हस.

रिनाले तुह्या घरी चिमूरले सोडून आलो तवापासून घर खाली खाली लागते. रीता जेवतानी तिचं बी ताट मांडते, मंग आठवलं का उचलून ठेवते, मायचा जीव. इकडं अकरावीले सायन्स असतं तं पोरगी दूर केलीच नसती. पण तिले नर्सिंगच करायचं आहे, अन् त्याले सायन्स पाहिजे. तू ‘पाठव, माहीच पोरगी आहे’ म्हणाली म्हणून जीव थाऱ्यावर आला. दुसऱ्या कोणाकडं ठेवली नसती.

दोन गोष्टी सांगतो. तुह्या स्लॅबच्या खोलीची खिडकी रस्त्याकडं आहे. पोरगी वयात आली, अन् चौकातले पोट्टे कसे असतेत हे तुले सांगाले नाई पाहिजे. ती खिडकी बंदच ठेवत जा. दुसरी गोष्ट जेवणाची. आम्ही लाडानं तिचे लय नखरे पुरवले. ही भाजी नको, ती डाळ नको. तू रागावून जेवू घाल. माहं काहीच म्हणणं नाई.

आमच्या शाळेतल्या एका पोराचा बाप आहे, वारलू नावाचा. नदीकाठी भुईमूग लावते. त्याच्याकडून शेंगांचं एक पोतं घेऊन एसटीच्या टपावर टाकून देल्लं आहे. आलापल्लीले गाडी बदलते, पण कंडक्टर ओळखीचे आहेत, तुह्यापर्यंत पोचवतीन. शिकणाऱ्या पोरीले दाणे चांगले. भाऊजीले जयभीम सांग.

तुहा,
प्रवीण


चिमूर
२७ जुलै २०२४

प्रवीण गा, जयभीम.

पत्र पाण्यानं फुगून आलं, तरी वाचता आलं. तुह्या भाऊजीनं दोनदा वाचून घेतलं माह्याकडून. म्हणे फोनपेक्षा हेच बरं, मधात कोणी ‘हॅलो हॅलो’ करत नाई.

रिनाले स्लॅबची खोली देल्ली. आम्ही दोघं बुढे कवेलूच्या छपराच्या जुन्या घरातच बरे. पोरगी येणार म्हणून त्या खोलीले मी ऑइलपेंट मारून घेतला, आभाळी रंगाचा. मांगच्या भिंतीले पावसाळ्यात ओल येते अन् काळे ठिपके पडतेत, ते सगळे झाकून गेले. आता खोली अशी दिसते का कोणी डॉक्टर-वकिलाची असन. खिडकीचं तू सांगतलं तसंच केलं. नुसती बंद नाई, खिळाच ठोकला. तू निर्धास्त राय.

शेंगा पोचल्या. लय छान आहेत, टपोऱ्या. पोतं जरासं भिजलं होतं, पण पावसाचे दिवस, चालाचंच. बाहेर ऊन नाई म्हणून रिनाच्या पलंगाखाली पसरून देल्ल्या. तिथी उंदीर जात नाई. तुह्या भाऊजीले पावसाळ्यात काम नसते, तं ते शेंगांवर बी काहीबाही बोलतेत. मी कानावर घेत नाई. भावानं एवढ्या दुरून पाठवलेली चीज, त्याले नावं ठेवाची का?

रिना गुणाची आहे गा. अंगण झाडते, माह्या पायाले तेल लावून देते. पण एक गोष्ट सांगतो, राग नको मानू. माह्या हातचं जेवण तिले जात नाई. अर्धं ताट टाकून उठते. दाण्याची चटणी केली तं म्हणे, आत्या, कडू लागते. खोलीत वास येते म्हणे. मी म्हटलं, रंगाचा आहे, जाईन. डांबराच्या गोळ्या बी ठेवल्या. आपले बाबा होते तवा माह्याच हातची भाकर मागत. अन् ह्या पोट्टीनं ताट सारलं का मले रडू येते. तुले नाई सांगणार होती, पण पेन हातात आहे तं लिहिल्या गेलं.

वच्छला


आश्रमशाळा क्वार्टर
१२ ऑगस्ट २०२४

बाईस जयभीम.

तुहं पत्र वाचून मले शरम वाटली. पोरीले पाठवली ती तुले रडवाले नाई. ह्या पाकिटात तिच्या नावची चिठ्ठी ठेवली आहे, ती तिच्या हातात दे अन् तुह्यासमोर वाचाले लाव. तिच्यात लिहिलं आहे का आत्याच्या ताटातलं एक शीत बी उरलं तं मी येऊन घरी घेऊन जाईन, मंग बस चुलीपाशी. रीता म्हणे एवढं कडक नको लिहू. पण पोरांच्या बाबतीत मास्तरले जास्त समजते.

दाणे कडू लागते म्हणते म्हणे. बाई, हे सगळे बहाणे आहेत. घरी वांगं कडू लागे, दूध कडू लागे. तू म्हणतं तशा शेंगा छान आहेत तं रोज मूठभर दाणे तिच्या पोटात गेलेच पाहिजे. चटणी नको म्हणेल तं गुळाचे लाडू कर अन् समोर बसवून खाऊ घाल.

इकडं पाऊस काही थांबत नाई. पोरांचे कपडे वाळत नाई, शाळेच्या चादरी ओल्या. वह्यांवर बी बुरा चढून राह्यला. तू तब्येत सांभाळ.

प्रवीण


चिमूर
६ सप्टेंबर २०२४

प्रवीण गा, जयभीम.

तुही चिठ्ठी लागू पडली. तवापासून रिनानं ताटात काही टाकलं नाई. सकाळी दाण्याचा लाडू, दोन्ही टाइम चटणी, सगळं खाते. एक दिवस लाडू गिळतानी तिच्या डोळ्यात पाणी आलं, तरी गिळला. मी मनात म्हटलं, सुधरली पोट्टी. मले बरं वाटलं गा, खोटं काऊन बोलू.

पण तिचं पोट काही बरं नाई. खाल्लं का मळमळते. उजव्या बाजूनं दुखते म्हणते. इथल्या डॉक्टरनं गॅसच्या गोळ्या देल्ल्या, त्यानं फरक नाई. कॉलेजले जात नाई, खोलीत झोपून राहते. शेजारची रुखमाबाई म्हणे घरची आठवण येत असन. मी बी तिले बोलून गेली. म्हटलं, अभ्यासाचा कंटाळा आला असन तं बापाले तसं सांग, पोटाले काऊन पुढं करतं. तिनं तोंड भिंतीकडं केलं.

काल अंगणात उजेडाले बसवली तं डोळे पिवळे दिसले. तुह्या भाऊजीनं एका बुढ्याकडून काविळीची जडी आणली होती, ती पाजून पाह्यली. तू म्हणशील, आपण बाबासाहेबाची लेकरं अन् हे काय चाललं. पण भेव लागला का माणसाले काही सुचत नाई. उद्या पहिल्या गाडीनं चंद्रपूरले मोठ्या दवाखान्यात नेतो. पत्र भेटेपर्यंत बरी बी होऊन जाईन. जिवाले लावून नको घेऊ.

वच्छला


आश्रमशाळा क्वार्टर
२० ऑक्टोबर २०२४

बाईस जयभीम.

दवाखान्यात आपण दिवसचे दिवस एका बाकड्यावर बसलो, पण बोललो काय? गाडी किती वाजता, चहा पिते का, एवढंच. म्हणून लिहून राह्यलो. समोर असलं का माह्या तोंडातून निघत नाई.

रिना घरी सुधरून राह्यली. डोळे पांढरे झाले, जेवते. लिव्हरची सूज उतरली असं मांगच्या रिपोर्टात आहे, डॉक्टरनं आणखी काही महिने तपासाले बोलावलं. रीता तिच्याजवळच झोपते. मले काहीच म्हणत नाई. एखाद्या दिवशी भांडली असती तं बरं झालं असतं.

बाई, डॉक्टरनं व्हरांड्यात विचारलं होतं ते तुले आठवते का? नेहमीच्या काविळीचे रिपोर्ट तं नॉर्मल आले, मंग हे कशानं, म्हणून ते विचारत होते. घरात बुरशी आहे का, बुरा लागलेले दाणे, मका असं काही पोटात गेलं का. मी छाती काढून सांगतलं, नाई साहेब, दाणे मी स्वतः पाठवले, बहिणीनं छान आहेत म्हणून लिहिलं. तू बाजूलेच होती. तू खाली पाह्यलं. मले तवा वाटलं, थकली असन.

डॉक्टर म्हणाले का दाण्यावर जी हिरवी-पिवळी बुरशी येते तिच्यात विष असते, ते भाजून-तळून बी जात नाई अन् लिव्हरवर बसते. भिंतीच्या बुरशीचं मात्र ते पक्कं बोलले नाई. म्हणे दम्याले, खोकल्याले ती वाईटच, पोटाचं अजून कोणी खात्रीनं सांगू शकत नाई. हिच्या बाबतीत बी दाण्यानंच झालं असं छातीठोक सांगता येत नाई म्हणाले.

ते सांगत नाई, पण मले झोपेत बी दिसते. खिडकी मी बंद कराले लावली. पोतं उघड्या टपावर मी टाकलं, वर ताडपत्री बी नाई. अन् पोरगी सांगून राह्यली का कडू लागते, तं मी तिले चुलीचं भेव दाखवून खाऊ घातलं. वर्गात पोरांना विज्ञान शिकवतो. माह्याच वह्यांवर बुरा चढला होता, तो मी फडक्यानं पुसला अन् त्याच हातानं तुले लिहिलं का रोज मूठभर दे.

एकच विचारतो. त्या शेंगा कशा होत्या, खरं सांग. मी रागावणार नाई, मले कोणावर रागवाचा हक्कच राह्यला नाई.

रिना आता तिकडं येणार नाई. हे वर्ष गेलं तं गेलं. पुढच्या वर्षी इकडंच कुठी आर्ट्सले टाकून देईन. डोळ्यासमोर राहील.

प्रवीण


चिमूर
३ नोव्हेंबर २०२४

प्रवीण गा,

शेंगा सडल्या होत्या.

पोतं उघडलं तं आतून वाफ आली. मधल्या शेंगा हिरव्या-काळ्या, एकमेकीले चिकटलेल्या. तुह्या भाऊजीनं तवाच म्हटलं, उकिरड्यावर टाक, खत होईन. मी त्यायच्याशी दिवसभर बोलली नाई. भावानं नदीकाठाहून पाठवलेलं उकिरड्यावर कसं टाकू? आपल्या घरी असं कधी झालं का? आई बी बुरा लागलेली डाळ धुऊन, ऊन दाखवून वापरे. मी तेच केलं. धुतल्या, पुसल्या. ऊन नव्हतं म्हणून त्या खोलीत पसरल्या. लय काळे होते ते दाणे वेचून टाकले, बाकीचे भाजून घेतले. मले वाटलं, विस्तवावर काय उरते.

अन् आम्ही दोघांनी खाल्ले काऊन नाई, ते बी सांगतो. भाऊजीले दात नाई अन् माहे हलतेत. चटणी मी जिभेवर ठेवून पाह्यली होती, मले काही कडू लागली नाई. सगळे दाणे एकटीच्या पोटात गेले. मी लाडानं वाढले.

तुले ‘लय छान’ लिहिलं, कारण दुसरं काय लिहाचं असते गा? भावानं पाठवलेल्या चीजेले कोणी वाईट म्हणते का?

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं तवा तुह्यासमोर माहं तोंड उघडलं नाई. तू चहा आणाले गेला तवा मी त्यायच्या मांगं मांगं जाऊन सगळं सांगतलं. ते म्हणाले बरं झालं सांगतलं. त्यायले सांगू शकली, तुले नाई. हेच मले खाऊन राह्यलं.

घरी येऊन तिचा पलंग सरकवला. ऑइलपेंटचे पापुद्रे निघून पडले होते, अन् मांगं भिंत सगळी काळी. बोट लावलं तं काजळीसारखं लागलं. पोट्टी तिकडं डोकं करून झोपे. मी त्या रात्रीपासून खोलीत पाय ठेवला नाई. भाऊजीनं उरलेल्या शेंगा घरामांगच्या सांदवाडीत खड्डा करून गाडल्या. गाईले बी नाई देल्ल्या.

रिनाले पाठवत नाई म्हणतं, बरोबर आहे. माह्याकडं पोरगी ठेवण्यासारखी मी राह्यली नाई. तू मले माफ कर. रीताले माह्याकडून हात जोड. तिच्यासमोर मी बोलू शकत नाई.

वच्छला


आश्रमशाळा क्वार्टर
१८ नोव्हेंबर २०२४

आत्या, जयभीम.

हे पत्र मी लिहून राह्यली, बाबा नाई. बाबाले माहीत आहे. ते बाहेर ओट्यावर बसून राह्यले, मी काय लिहिते म्हणून आत पाहत बी नाई.

तुहं पत्र आलं तवा बाबानं ते वाचलं अन् बांधावर जाऊन बसले. पत्र टेबलावरच राह्यलं तं मी वाचलं. मंग त्यायनं तुले लिहिलेल्या पत्राचा कच्चा कागद बी वाचला. न विचारता वाचलं, ते चुकलं.

आत्या, तुमी दोघं एकमेकांची माफी मागून राह्यले. बाबा म्हणतेत माह्यानं झालं, तू म्हणतं माह्यानं झालं. बाबा तुह्यावर रागवत नाई, तू बाबावर रागवत नाई. दोन्ही पत्रांत मी आहे ती पोटात दुखणारी. पण मी बोलली होती. कडू लागते म्हटलं होतं, वास येते म्हटलं होतं. तुमच्या दोघांपैकी कोणी मले विचारलं नाई का तुले काय वाटलं. तू बाबाले लिहिलं, बाबानं मले चिठ्ठी लिहिली. मी ती चिठ्ठी पाठ केली होती. लाडू खातानी मनात म्हणत राहो, म्हणजे लवकर गिळल्या जाईन.

दुखे तवा राग नव्हता आला. तुह्या घरी मी खोटारडी ठरली, तवा आला. तू म्हणाली पोटाले काऊन पुढं करतं. त्या दिवशी मले वाटलं, खरंच माह्या मनातच आहे का काय.

अन् आता बी तेच चाललं. मले इकडं ठेवाचं तुमी दोघांनी ठरवलं. मले वाईट वाटू नये म्हणून का तुमाले वाईट वाटू नये म्हणून, हे मले समजत नाई. बाबा रोज विचारतेत पोट दुखते का. आई विचारते भूक लागली का. डॉक्टर म्हणाले कॉलेजले जाऊ शकते, तपासणी चालू ठेवाची. ते कोणाले ऐकू आलं नाई. परीक्षा मार्चमध्ये आहे. कॉलेजच्या मॅडमनं रश्मीच्या हातानं माह्यासाठी नोट्स ठेवल्या आहेत. रश्मी माही वर्गातली मैत्रीण, तू तिले पाह्यलं आहे.

मले आर्ट्स नाई पाहिजे. मले तुह्याकडं यायचं आहे. त्या खोलीत नाई, तुमच्या दोघांसोबत कवेलूच्या घरात झोपीन. तू हो म्हण, बाबा मंग नाई म्हणू शकणार नाई. अन् तुले भेव लागत असन मले ठेवाले, तं तसं मले लिही. बाबाले नको लिहू.

तुही रिना


चिमूर
२९ नोव्हेंबर २०२४

रिनाबाई, जयभीम.

तुह्या बापाले एवढे पत्र लिहिले, पण तुले पहिल्यांदाच लिहून राह्यली. कसं सुरू कराचं तेच समजत नव्हतं. आमच्यात लहानाची माफी मोठ्यानं मागाची रीतच नाई. आमचे हे म्हणे, तं तू सुरू कर.

माह्यानं चुकलं, रिना. तू कडू म्हणाली तवा मले नुसती चटणी जिभेले लावून थांबाचं नव्हतं, दाणेच चाखून पाहाचे होते, ते सोडून मी माह्या मनाले लावून घेतलं का पोरीले माह्या हातची चव आवडत नाई. तू आजारी होती अन् मी रुसली होती. तुले खोटारडी मी ठरवली. मले माफ कर. नाई केलं तरी ये.

भेव लागते. तुले ठेवाले नाई, तुले वाढाले. आमच्या यायले भात वाढतानी बी आता हात थांबते, पहिले वास घेऊन पाहतो. हे काही लवकर जाणार नाई. पण त्या भेवापायी तुहं शिकणं बुडावं, हे माह्यानं होणार नाई. तुह्या बापाले सांग, आत्या हो म्हणते. अन् खिडकी आता उघडीच राहीन, तो काही बोलला तं त्याले म्हण, आत्याच्या घरी आत्याचं चालते.

माह्या घरी येशीन तं एक गोष्ट ठरवून घेऊ. तुहं ताट मी वाढणार नाई. तू तुह्या हातानं घेशीन, जेवढं पाहिजे तेवढं, अन् नको वाटलं ते टाकशीन. मी पाहत बसीन, पण बोलणार नाई. जमलं नाई तं तू मले बोल.

तुही आत्या
वच्छला